उन्हाची उचल

पुणे-सातारा रस्ता सोडून नसरापूरहून वेल्ह्याकडे निघाले, की वाटेत मार्गासनी लागते. गुंजवण्याच्या बाजूने राजगडावर जाणारे येथून डावीकडे साखरच्या रस्त्याला लागतात. बहुतेकांच्या लेखी मार्गासनी म्हणजे एक चहा आणि एक वळण. पण अलीकडे पहाटे येथे थांबणाऱ्यांची एक निराळी जमात दिसू लागली आहे. ही मंडळी गडावर जात नाहीत. रस्त्याच्या कडेला कॅमेऱ्याच्या तिपाया रोवून, कानटोप्या चढवून, गडाकडे तोंड करून उभी राहतात. त्यांना राजगड चढायचा नसतो, राजगडावर ऊन चढताना पाहायचे असते.

निवृत्तीनंतर मीही त्या जमातीत सामील झालो. आमच्यात एक दंतवैद्य आहेत, भूगोल शिकवणाऱ्या एक बाई आहेत, लेथचा छोटा कारखाना चालवणारे एक गृहस्थ आहेत. फोटोवर पोट कोणाचेच नाही, त्यामुळे हातचे राखून ठेवण्याचे कारणही नाही. एरवी आमटीत काय घातले हे न सांगणारी माणसे येथे अगदी मोकळेपणाने सांगतात, की धुक्याचा फोटो घेताना कॅमेऱ्यावर विसंबू नका. सगळे पांढरे दिसले की तो बिचारा गोंधळतो आणि धुके राखाडी करून ठेवतो, तेव्हा त्याला थोडा जास्त प्रकाश द्या. पाऊस पडून गेल्यावर ओल्या पानांची चकाकी मारायची असेल, तर पोलरायझर फिल्टर लावा म्हणजे हिरवा रंग खुलतो. आभाळ भरले म्हणून घरी बसू नका, ढगाळ उजेडासारखा हिरवाईचा मित्र नाही.

भूगोलाच्या बाईंनी तर एकदा थंडीत कुडकुडत आम्हांला सकाळच्या सोनेरी उन्हाचे कारण समजावून दिले. सूर्य क्षितिजाशी असतो तेव्हा त्याच्या किरणांना हवेतून लांबचा प्रवास करावा लागतो. त्या प्रवासात निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबडा तेवढा पोचतो. शिवाय ऊन तिरपे असल्यामुळे प्रत्येक बांधाची, प्रत्येक सोंडेची सावली लांब पडते. दुपारी जो डोंगर सपाट पडद्यासारखा दिसतो, त्याला सकाळी अंग येते. राजगड मार्गासनीच्या नैऋत्येला आहे. म्हणून सकाळचे ऊन त्याच्या आपल्याकडच्या अंगावर पडते आणि संध्याकाळी, सूर्य पलीकडे गेल्यावर, गडाची नुसती काळी आकृती उरते. दोन्ही चित्रे खरी. कोणते हवे, ते ठरवून घरातून निघायचे.

ही देवाणघेवाण जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक. पुढे कॅमेरा मध्यमवर्गीय घरात आला तो आग्फा क्लिक थ्रीच्या रूपाने. एका रिळात बारा फोटो. लग्नाला चार, बारशाला दोन, सहलीला सहा अशी वाटणी आधीच ठरलेली. तेव्हा सल्ला फार मोलाचा असे, कारण चूक महाग होती. शंभर एएसएची फिल्म आणि लख्ख ऊन असेल तर छिद्र एफ-सोळा आणि वेग सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, हा हिशेब आमची पिढी पाढ्यासारखा पाठ करी. गो. नी. दांडेकरांनी गडकोट लिहिले तसेच कॅमेऱ्यातूनही टिपले. राजगड त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा. ‘वाघरू’ ही त्यांची कादंबरी तेथेच घडते. आता रीळ गेले, काटकसर गेली. पण ऊन कधी, कुठून आणि किती, हे एकमेकांना विचारण्याची गरज काही गेली नाही.

येथपर्यंत सारे छान आहे. मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे, आणि त्यात चूक माझीच आहे.

भातलावणीचे दिवस होते. चिखलणी झालेल्या खाचरांत पाणी साचले होते आणि त्यात आभाळ उतरले होते. मला तिपाई थोडी पुढे हवी होती, म्हणून मी बांधावर गेलो. बांध ओला होता. माझ्या पायाखाली तो हातभर ढासळला आणि वरच्या खाचरातले गढूळ पाणी, मऊ केलेल्या मातीसकट, खालच्या खाचरात धो धो उतरू लागले. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. पलीकडून माझ्याच वयाचे एक गृहस्थ इरले सावरीत, फावडे घेऊन धावत आले. दगड, गवताची ढेपळे, चिखल असे काय काय कोंबून त्यांनी अर्ध्या तासात बांध सावरला. मला शिवी दिली नाही. हात धुता धुता एवढेच विचारले, “पाव्हणं, फोटू तरी नीट आला का?”

त्या प्रश्नाने मला शिवीपेक्षा जास्त लागले. फोटो बरा आला होता. घरी संगणकावर मी त्यात थोडे पिवळे ऊनही भरले. मित्रांनी वाहवा केली. मन मात्र खात होते, म्हणून पंधरा दिवसांनी मोठी प्रत काढून, चौकट करून, ती द्यायला गेलो. मामांनी ती ओसरीवर उजेडात धरली. घरची सगळी गोळा झाली. बराच वेळ पाहून मामा म्हणाले, “झ्याक हाय. पर हे आमचं शेत न्हाई.”

“असं कसं? तोच बांध, मागे तोच गड.”

“गड त्योच हाय. पर आवणीच्या दिसांत असलं ऊन कुठनं आलं? त्या दिशी तर आभाळ होतं.”

मी काय बोलणार! मग त्यांनीच माझी कीव करून खरा सल्ला दिला. “उनाचा फोटू पायजे तर दिवाळीच्या आधी या. भात पिकल्यालं असतंय. दव हाय तंवर हुबं ऱ्हावा. ऊन आधी वर बालेकिल्ल्याला लागतंय, मंग माचीवर, मंग खाली उतरतंय. आमच्या खाचरात येईस्तवर घरात न्याहारी हुती.”

उन्हाविषयी इतकी नेमकी माहिती मला आजवर कोणी दिली नव्हती. का देऊ शकणार? आम्ही महिन्यातून एखादी पहाट बघतो. या माणसाचे भात उन्हावर पिकते, उन्हावर वाळते, त्याची न्याहारीसुद्धा उन्हाच्या घड्याळावर चालते. मार्गासनीच्या उजेडातला जाणकार तिपाईजवळ नव्हता, बांधावर होता, आणि आम्ही त्याला चौकटीबाहेर ठेवत होतो.

त्या रात्री मला नोकरीतली एक जुनी गोष्ट आठवली. १९९१ च्या सुमारास मी बँकेच्या एका ग्रामीण शाखेत होतो. कर्जावर म्हैस घेतली, की ती खरोखर घेतली याचा पुरावा म्हणून मी तिचा आणि कर्जदाराचा फोटो काढून कागदपत्रांना जोडत असे. एका शेतकऱ्याने त्यासाठी ठेवणीतला फेटा बांधला, बायकोला आणि पोरांनाही शेजारी उभे केले. नंतर त्याने संकोचत एक प्रत मागितली. घरात सगळ्यांचा एकत्र फोटो नाही, म्हणाला. मी ‘बघू’ म्हटले आणि विसरलो. फोटो फायलीत गेला. म्हशीचे कर्ज त्याने हप्त्याहप्त्याने फेडले. माझ्याकडचे त्याचे देणे मात्र राहून गेले.

हौशी छायाचित्रकाराचे काहीसे असेच असते. तो उचल करतो. ऊन कोणाच्या मालकीचे नाही हे खरे, पण ते ज्या खाचरावर पडते ते कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या बांधून, सावरून ठेवलेले असते. आपल्या फोटोखाली आपण लेन्सचे नाव लिहितो, छिद्र लिहितो, वेग लिहितो, ‘राजगड’ असे लिहितो. गावाचे नाव लिहीत नाही.

कोणी म्हणेल, एका बांधावरून एवढे कशाला? पण गोष्ट बांधापाशी थांबत नाही. या खोऱ्यात आता शेतघरांचे भूखंड पडताहेत, तारांची कुंपणे उभी राहताहेत. मध्यंतरी जमिनीच्या एका जाहिरातीत मला आमच्या नेहमीच्या जागेवरून घेतलेला फोटो दिसला. तीच खाचरे, तोच गड, तेच सोनेरी ऊन, आणि त्यावर लिहिलेला दर. आमच्यापैकीच कोणाचा तरी असावा. जे दृश्य टिकावे म्हणून आपण टिपतो, तेच दृश्य विकायला आपला फोटो कामी येतो. आणि त्यात माणूस नसला, तर ही जमीन रिकामीच आहे असे पाहणाऱ्याला वाटते. माणसे वगळून काढलेल्या सुंदर फोटोंचा हा दोष आहे, आणि मी त्याचा वाटेकरी आहे.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने आपले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत राजगड आहे. त्या नोंदीचे नाव ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ असे आहे. शब्द भूदृश्य आहे, हे विसरू नये. गड एकटा उभा नसतो. खालचा हा गुंजण मावळ, त्यातली खाचरे आणि त्यांत राबणारे हात यांच्या आधारावर तो उभा राहिला. फोटोतून ते वगळले, तर हाती नुसता डोंगर उरतो.

मग काय, जागा सांगणे बंद करायचे? आमच्यातले काहीजण तसे म्हणतात. मला पटत नाही. राजगड लपवून ठेवण्याची वस्तू नाही, आणि उजेडाचे ज्ञान तर वाटल्यानेच वाढते. पण छिद्र आणि वेग सांगतो तशा आणखी चार गोष्टी नवख्याला सांगाव्यात. पावसाळ्यात बांधावर पाय देऊ नये. शेतात उतरण्याआधी विचारावे. फोटोखाली गावाचे नाव लिहावे. आणि एक छापील प्रत त्या घरी नेऊन द्यावी. आजच्या काळात तिचा खर्च दोन चहांपेक्षा फार जास्त येत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी मी सांगितल्याप्रमाणे गेलो. दव होते. ऊन आधी बालेकिल्ल्याला लागले, मग माचीवर आले, मग सावकाश खाली उतरले. खाचरात पोचले तेव्हा मामा विळा घेऊन उभे होते. त्यांना विचारून फोटो काढला. रंगाला हात लावला नाही. प्रत घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी ती पुन्हा उजेडात धरली, आणि काही न बोलता आतून खिळा-हातोडी मागवली.