देवाशी समेट झाला, भावाशी कधी?

परवा वस्तीतल्या एका प्रार्थनासभेत शेवटच्या रांगेत बसले होते. पाळक सांगत होते : माणूस पापी आहे, पापामुळे तो देवापासून तुटला, ख्रिस्ताने क्रुसावर मरून ती दरी बुजवली, आता विश्वास ठेवा आणि देवाशी समेट करा. शेजारची बाई डोळे पुसत होती. जन्मभर दुसऱ्यांचे संडास धुतलेली बाई. मला एकच प्रश्न पडला : हिने कोणाचा काय अपराध केला?

मित्रहो, या शिकवणीची टिंगल करायला मी लिहीत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ५ व्या अध्यायात पौल म्हणतो की, समेटासाठी पुढाकार देवानेच घेतला. त्यासाठी ना भटजी लागतो, ना दक्षिणा. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या दारात देव स्वतः येतो, हे ऐकून कोणाचेही मन हलेल. ते मी समजू शकते.

पण बाबासाहेबांनी यातली मेख नेमकी पकडली होती. ‘द कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट’ या लेखात ते दाखवून देतात की, हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले गेले, तुझी ही अवस्था तुझ्या पूर्वकर्मामुळे. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले गेले, ती आद्य पूर्वजाच्या पापामुळे. दोन्हीकडे आरोपीच्या पिंजऱ्यात तोच उभा. ज्या समाजव्यवस्थेने त्याला चिरडले, ती दोन्हीकडे निर्दोष सुटली!

समेटाच्या भाषेचा धोका इथेच आहे. गावात अत्याचार झाला की पहिली माणसे येतात ती ‘झाले गेले विसरा, मिटवून घ्या’ म्हणणारी. ज्याने मारले त्याने काही कबूल करायचे नाही, काही परत करायचे नाही. ज्याने मार खाल्ला त्याने मात्र मन मोठे करायचे. मारणाऱ्याला देवाकडून थेट माफी मिळणार असेल, तर त्याने आपल्या उंबरठ्यावर यायचेच कशाला?

हे मी हवेत बोलत नाही. दक्षिण आफ्रिका पाहा. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १८५७ साली, काही गोऱ्या सभासदांच्या ‘दुर्बलतेला’ सवलत म्हणून, बिगरगोऱ्यांची उपासना वेगळी भरवायला मुभा दिली. १८८१ मध्ये त्यांच्यासाठी मंडळीच वेगळी काढली. देव एक, क्रूस एक, पण प्रभुभोजनाचे मेज वेगळे. एक गाव, दोन पाणवठे. आपल्याला हे नवीन आहे का?

याला उत्तरही तिथल्या ख्रिस्ती माणसांनीच दिले. १९८५ च्या कैरोस दस्तऐवजाने ठणकावले की, अन्याय चालू असताना समेटाची भाषा करणे हेच पाप आहे. आधी न्याय, आधी पश्चात्ताप. त्या वेगळ्या काढलेल्या मंडळीने १९८२ मध्ये मांडलेल्या आणि १९८६ मध्ये स्वीकारलेल्या बेलहार कबुलीने जाहीर केले की, वंशावरून माणसे तोडणारी शिकवण समेटाच्या सुवार्तेलाच खोटे पाडते. यात नवीन काही नव्हते. मत्तयच्या ५ व्या अध्यायात येशूच सांगतो की, वेदीवर अर्पण आणलेस आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. क्रम स्पष्ट आहे. चर्चने तो उलटा केला.

भारतातही तेच. कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ च्या आपल्या धोरणात मान्य केले की, चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो. कबुली चांगली, पण कबुलीने वेगळी दफनभूमी एक होत नाही. त्यासाठी भिंत पाडावी लागते.

काही जण म्हणतील, आधी मन बदलू द्या, समाज आपोआप बदलेल. दोन हजार वर्षे हा काही थोडा अवधी नाही!

बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या धम्माच्या केंद्रस्थानी माणूस आणि माणसाचे माणसाशी नाते आहे. देवाकडे अपील करून माणसाला टाळण्याची पळवाट धम्मात नाही. पण म्हणून फुशारकी नको. बुद्धविहारात एकत्र वंदना घेऊन लग्न जमवताना पोटजात विचारणारे आपल्यात नाहीत काय? आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिश्चन आजही अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर आहेत. आपण बौद्ध १९९० मध्ये आत आलो. आत आल्यावर दार लावून घेणे आंबेडकरवाद्याला शोभत नाही. वाटा कमी होईल ही भीती असेल, तर वाटा वाढवण्यासाठी एकत्र लढू. भावाला बाहेर ठेवून नव्हे.

त्या बाईला कोणाची माफी मागायची गरज नाही. या समाजाने तिची माफी मागायची आहे : तिच्या हातातला झाडू काढून, तिच्या मुलीच्या हाती पुस्तक देऊन. तो दिवस येईपर्यंत आम्हाला कोणी समेटाचे धडे देऊ नयेत.

जयभीम!