सुरा उपसू नका

मंडळी, आपल्या सिनेमातला नायक छातीत घुसलेला सुरा स्वतःच उपसतो आणि वर चार गुंडांना लोळवतो. थिएटरात टाळ्या पडतात. मला मात्र हा धडा घातक वाटतो. प्रत्यक्षात सुरा उपसला तर माणूस तिथेच दगावू शकतो, कारण ते पातंच कधीकधी बुचासारखं रक्त अडवून धरत असतं.

दुसरा गैरसमज, रक्त वाहत नाही म्हणजे जखम किरकोळ. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिचंच पाहा. १० सप्टेंबर १८९८ रोजी जिनिव्हात एका अराजकवाद्याने तिच्या छातीत टोकदार कानस खुपसली. तिला वाटलं, नुसता गुद्दा बसला. ती उठली, चालत बोटीवर गेली आणि तिथे कोसळली. कपडे सैल केल्यावर रक्ताचा लहानसा डाग दिसला. कानस थेट हृदयात गेली होती! त्याच दिवशी ती गेली.

होतं असं, की हृदयाभोवती एक पिशवी असते आणि ती पटकन ताणली जात नाही. जखमेतलं रक्त तिच्यात साचलं, की हृदय आवळलं जातं. भराभर साचलं तर फुलपात्रभर रक्तही जिवावर बेततं. रक्तदाब उतरतो, मानेच्या शिरा फुगतात, हृदयाचे ठोके दबके ऐकू येतात. क्लॉड बेक या अमेरिकन सर्जनने १९३५ मध्ये ही त्रयी मांडली. अर्थात तिन्ही लक्षणं दर वेळी दिसतातच असं नाही. म्हणून हल्ली डॉक्टर खाटेपाशीच सोनोग्राफी करून पाहतात.

आणि यावर इलाज आहे बरं का! एलिझाबेथच्या दोनच वर्षं आधी, १८९६ मध्ये, फ्रँकफुर्टला लुडविग रेन यांनी भोसकल्या गेलेल्या एका तरुणाच्या हृदयाला टाके घातले आणि तो वाचला. म्हणजे प्रश्न उरतो तो वेळेचा, आणि ती वेळ बघ्यांच्या हातात असते.

म्हणून म्हणतो, सनावळ्या पाठ करून घेतो तशा शाळेत या चार गोष्टीही पाठ करून घ्याव्यात. घुसलेली वस्तू उपसायची नाही, भोवती कापड लावून स्थिर धरायची. पाणी, चहा काही पाजायचं नाही. लगेच १०८ ला फोन करायचा. आणि जखमी "मी ठीक आहे" म्हणाला तरी, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यायचं.

शाळांचं होईल तेव्हा होईल. तुम्ही आपल्या नातवंडांना आज जेवताना एवढं सांगाच.