मोटारसायकलच्या इंजिनाने तारली मोटार कंपनी

बीएमडब्ल्यू हे नाव उच्चारलं, की महागडी, रुबाबदार मोटार डोळ्यांपुढे उभी राहते. पण एके काळी हीच कंपनी विकली जायच्या बेतात होती आणि तिला हात दिला तो मोटारसायकलच्या इंजिनाने!

गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीतली. म्युनिकच्या या कंपनीच्या मोटारसायकली भराभर खपत होत्या. तिच्या मोठ्या मोटारी मात्र सामान्यांना परवडत नव्हत्या. पुढे लोकांच्या हाती पैसा खेळू लागला. पावसात भिजत दुचाकी चालवण्यापेक्षा डोक्यावर छप्पर हवं, असं त्यांना वाटू लागलं आणि मोटारसायकलींचाही खप घसरला.

अशा वेळी इटलीच्या इसो कंपनीची इवलीशी, अंड्याच्या आकाराची ‘इसेटा’ बीएमडब्ल्यूच्या नजरेत भरली. तिला दार एकच, तेही समोर, फ्रिजसारखं उघडणारं! बीएमडब्ल्यूने परवाना घेतला आणि १९५५ साली तिच्यात आपल्या मोटारसायकलचं २४७ सीसीचं, एका सिलिंडरचं इंजिन बसवलं. ताकद अवघी १२ हॉर्सपॉवर.

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. दुचाकीचं इंजिन उघड्यावर असतं, धावताना वारा लागून थंड राहतं. गाडीच्या पोटात कोंडलं तर ते तापणारच. म्हणून त्याला पंखा जोडला. दुचाकीला रिव्हर्स गिअर नसतो; इथे तो हवाच होता. गाडीचं तोंड भिंतीला टेकलं, तर समोरचं दार उघडणार कसं? ताशी ८५ किलोमीटर धावणाऱ्या या इसेटा १९६२ पर्यंत सुमारे १ लाख ६१ हजार तयार झाल्या.

तरीही कंपनीचा तोटा भरून निघेना. १९५७ साली आलेल्या चार माणसांच्या ‘६००’मध्येही मोटारसायकलचंच इंजिन होतं, पण गिऱ्हाइकं फोक्सवॅगनकडे वळली. अखेर ९ डिसेंबर १९५९ रोजी भागधारकांच्या सभेत कंपनी डेमलर-बेंझच्या हवाली करण्याचा प्रस्ताव आला. छोटे भागधारक आणि गाड्यांचे विक्रेते इरेला पेटले. एका वकिलाने ताळेबंदातली चूक पकडली. नव्या ‘७००’ गाडीच्या विकासाचा सगळा खर्च एकाच वर्षात दाखवला होता! सभा तहकूब झाली, प्रस्ताव बारगळला. पुढे उद्योगपती हर्बर्ट क्वांट यांनी आपला हिस्सा वाढवून कंपनी सावरली.

आणि त्या ‘७००’मध्ये इंजिन कोणतं होतं? मोटारसायकलच्या इंजिनावरूनच बेतलेलं, दोन सिलिंडरचं, ६९७ सीसीचं, ३० हॉर्सपॉवरचं! १९६५ पर्यंत अशा सुमारे १ लाख ८८ हजार गाड्या बाहेर पडल्या. तेवढ्या अवधीत कंपनीला दम घेता आला आणि नव्या मोठ्या मोटारी बाजारात आणता आल्या.

थोरल्याचा संसार धाकट्याने सावरावा, तशी दुचाकीने मोटारीची लाज राखली.