डाळिंबातली अळी आणि आपले जीपे

मंडळी, आयटीत नोकरी आणि सांगोल्याकडे डाळिंबाची बाग असलेल्यांची एक पद्धत ठरलेली. वडिलांचा फोन येतो, "फळाला अळी लागलीय." आपण फवारणीचे पैसे जीपे करतो. विषय संपला!

संपत नाही. फळ पोखरणारी ही अळी, म्हणजे सुरसा, एका फुलपाखराची. ते फुलांवर आणि कोवळ्या फळांवर सुटी सुटी अंडी घालतं. अळी निघाली की फळात शिरते आणि आत बसून दाणे खाते. भोकातून विष्ठा येते, वास सुटतो, तेव्हा कुठे आपल्याला कळतं. पण तोवर औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. बग प्रॉडक्शनला गेल्यावर टेस्टिंग, दुसरं काय :)

बरं, सापळे? सफरचंदाच्या कॉडलिंग मॉथला कामगंध सापळे चालतात, तो पतंग. आपलं हे फुलपाखरू दिवसा उडतं. रात्री दिवा लावून काय हाती लागणार?

खरं काम कंटाळवाणं आहे. किडलेली फळं, झाडावरची आणि खाली पडलेलीसुद्धा, वेचून नष्ट करायची, कारण बऱ्याचदा अळी फळातच कोष करते. कोवळ्या फळांना पिशव्या घालायच्या. याला माणसं लागतात, आणि माणसं मिळत नाहीत म्हणून फवारणी. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण निर्यातीला औषधाचे अंश तपासतातच ना!

तेव्हा पुढचा जीपे वेचणाऱ्या बायकांच्या मजुरीचा करा. शेजारच्या काकांच्या बागेचाही, ते नको म्हणाले तरी. फुलपाखराला बांध दिसत नाही.