तिथंही कॅन्सर होतो

गांड हा शब्द आपण दिवसातून पन्नासदा शिवीत वापरतो. तिथंही कॅन्सर होतो. हे वाक्य बैठकीत मोठ्यानं म्हणून बघा. अर्धे हसतील, उरलेले विषय बदलतील.

मी घाटकोपरचा. पुरुषांवर प्रेम करणारा. दोन वर्षांपूर्वी रक्त पडायला लागलं. डॉक्टरनं खुर्चीतून न उठता मूळव्याधीचं मलम लिहून दिलं. हात लावला नाही. 1929 साली काठियावाडात एका अस्पृश्य मास्तराच्या बाळंतीण बायकोला डॉक्टरनं हात लावला नव्हता, थर्मामीटर तिसऱ्याच्या हातून पोचवला. ती मेली. बाबासाहेबांनी ते लिहून ठेवलंय. दुसऱ्या डॉक्टरनं हातमोजा चढवला, दोन मिनिटांत बोटानं तपासलं. मूळव्याधच निघाली. पण पहिल्या भाडखाऊला ते कसं कळलं होतं?

गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा एचपीव्ही विषाणूच दहापैकी नऊ वेळा गुदद्वाराचा कॅन्सर करतो. सर्वसाधारण माणसात हा आजार विरळा. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या समलिंगी पुरुषांत कित्येक पटींनी जास्त. 2022 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे आकडे आले: एचआयव्ही असलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या चार हजारांवर लोकांत कॅन्सरआधीच्या गाठी वेळेत काढल्या, तर कॅन्सर 57 टक्क्यांनी घटला. म्हणजे हा रोखता येतो. 2024 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात, समलिंगी पुरुषानं एचआयव्ही असेल तर 35 पासून, नसेल तर 45 पासून तपासून घ्यावं. सरकारी तपासणी मोहीम मात्र तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिघांवर थांबते. लस पुण्यातच बनते, 2023 पासून बाजारात आहे, पोरांनाही चालते. पैसेवाल्याचा पोरगा घेईल. आपला?

दुर्बिणीची महागडी तपासणी उद्या मुलुंड-बोरिवलीच्या दवाखान्यात येईल, असली थाप मी मारणार नाही. आणि गाठ काढायची सोय नसताना नुसता नमुना घेऊन तरी काय चाटायचंय? पण बोटाला काय लागतं? हातमोजा, जेली आणि माणसाला माणूस समजणारा डॉक्टर. पहिल्या दोन गोष्टी पालिकेच्या दवाखान्यात पडून असतात.

377 चा फास 2018 साली सुटला. तरी वस्तीतला कोती पोरगा रक्त पडलं तर आधी आईपासून लपवतो, मग आपल्यापासून. हो, आपल्यापासून. त्याला 'छक्का' म्हणणारे कॉम्रेड मी मोजून ठेवलेत.

14 एप्रिलला शिबिर लागेल, तेव्हा बीपी-शुगरच्या टेबलामागं एक खाट मांडा, हातमोज्यांचा डबा ठेवा. आणि पडदा जाड लावा, आतलं बाहेर ऐकू येता कामा नये.