जामीन म्हणजे जमीन नव्हे

वांगणी-जव्हारच्या डोंगरपट्टींत दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. जामीन मिळाला म्हणजे गुन्हा मिटला, आणि जामीन द्यावयाचा म्हणजे सातबारा गहाण टाकावयाचा. दोन्ही खोट्या. शब्द मूळचा अरबी. हमी घेणारा माणूस तो जामीन. बोलाविलें कीं आरोपी कोर्टांत हजर होईल, एवढीच ती हमी. खटला पुढें चालतोच.

पण बंधूंनो, अडचण खरी आहे. दिवाळीनंतर आमचीं माणसें भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. तेथें कोणी पकडला गेला तर हमीदार कोठून आणावा? भाऊबंद गांवीं, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून भिवंडीस ते परजिल्ह्यांतले!

मोतीराम नांवाच्या एका गवंड्याचें असेंच झालें. दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ परजिल्ह्यांतला म्हणून त्याची हमी नाकारली. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडविलें.

आतां नागरिक सुरक्षा संहितेचें कलम ४७८ पाहा. गुन्हा जामीनपात्र असून आरोपी गरीब असेल, तर हमीदाराशिवाय त्याच्याच मुचलक्यावर सोडावें; अटकेपासून आठवड्यांत हमीदार न मिळाल्यास तो गरीबच समजावा. कोर्टाबाहेरचा दलाल हें सांगणार नाहीं, त्याचें पोट त्यावर आहे. आदिवासी बांधवांस व कोठडींतील कोणासही वकील फुकट मिळतो. तो मागून घ्यावा.

मात्र सुटल्यावर तारीख चुकवूं नये. वॉरंट निघतें. मुकादमानें सोडलें नाहीं, हें कारण ऐकलें जाईल या भरंवशावर राहूं नये.