रेणुका शहाणे : निवेदिका ते दिग्दर्शिका

दूरदर्शनने आपल्या समाजाला अनेक चेहरे दिले. त्यांतले बरेचसे मालिका संपताच विसरले गेले. जे लक्षात राहिले, ते पहिल्यांदा दिसले त्याच रूपात राहिले. प्रेक्षकांनी एखाद्या नटाला किंवा नटीला एकदा एका चौकटीत बसवले, की त्या चौकटीतून बाहेर पडणे फार कठीण असते. अशा चौकटीतून बाहेर पडून स्वतः चित्रपट लिहिणाऱ्या आणि दिग्दर्शित करणाऱ्या रेणुका शहाणे या मराठी कलावतीविषयी काही विचार येथे मांडत आहे.

त्यांचा जन्म १९६६ चा. शिक्षण मुंबईत, विषय मानसशास्त्र. १९८९ साली दूरदर्शनवर आलेल्या 'सर्कस' या मालिकेत त्या दिसल्या. त्याच मालिकेत शाहरुख खानही होता. पण त्यांचे नाव घरोघरी पोचले ते 'सुरभि'मुळे. सिद्धार्थ काक यांचा हा कार्यक्रम १९९० साली सुरू झाला आणि पुढे रेणुकाबाई त्याच्या सहनिवेदिका झाल्या. देशातल्या कला, परंपरा, कारागीर आणि आडवाटेची गावे यांची ओळख करून देणारा तो कार्यक्रम होता. प्रश्नमंजूषेच्या उत्तरांसाठी त्याला इतकी पत्रे येत, की एका आठवड्यात १४ लाखांहून अधिक पत्रे आल्याची नोंद आहे. १५ पैशांच्या पोस्टकार्डांचा हा पूर पाहून टपाल खात्याने स्पर्धांसाठी दोन रुपयांचे वेगळे कार्ड काढले! पुढे १९९४ साली 'हम आपके है कौन'मधली वहिनी लोकांना भावली आणि १९९५ मध्ये 'सैलाब' ही मालिका गाजली.

आमच्या इंझोरीत आजही चाळिशी ओलांडलेल्या कोणाला विचारा, "सुरभितली ती हसरी बाई" असे लगेच उत्तर येते. पण याच बाईंनी चित्रपट दिग्दर्शित केले आहेत, असे सांगितले की बहुतेकांना नवल वाटते. मानवंदना हास्याला मिळाली, कामाकडे मात्र दुर्लक्ष झाले. मला बोलायचे आहे ते या दुर्लक्षित कामाविषयी.

२००९ साली त्यांनी 'रीटा' हा मराठी चित्रपट केला. पटकथा लिहिली, दिग्दर्शन केले आणि एक भूमिकाही केली. चित्रपटाला आधार होता त्यांच्या आई शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर' या कादंबरीचा. रीटाची भूमिका पल्लवी जोशी यांनी केली. त्याही दूरदर्शनने घरोघरी पोचवलेल्याच अभिनेत्री. सोबत जॅकी श्रॉफ, डॉ. मोहन आगाशे, सुहासिनी मुळे असे कलावंत होते. रीटा ही घरातली थोरली मुलगी. कोवळ्या वयात नोकरीला लागून ती सगळ्या घराचा भार उचलते. आपल्या विवाहित साहेबावर तिचे प्रेम बसते. समाजात त्या नात्याला नाव नाही, जागा नाही. शेवटी तिचे मन कोसळते आणि मग ती हळूहळू स्वतःला सावरते.

आता विचार करा. ज्या चेहऱ्याला लोकांनी आदर्श वहिनी म्हणून डोक्यावर घेतले, त्या कलावतीला लोकांना रुचेल असा कौटुंबिक चित्रपट काढता आला नसता का? सहज आला असता. पण त्यांनी निवडली ती घराण्याच्या अब्रूत न बसणारी स्त्री. तिला शिक्षा करून कथा संपवली नाही की तिच्या बाजूने भाषणही ठोकले नाही. माझ्या मते, कलावंताचे स्वातंत्र्य म्हणतात ते हेच. केवळ थोड्या पैशांत काढला म्हणून चित्रपट स्वतंत्र होत नाही. लोकांनी आपल्याला दिलेली प्रतिमा बाजूला ठेवण्याची तयारी लागते.

कोणी म्हणेल, मुंबईच्या रीटाशी वाशिम जिल्ह्यातल्या खेड्याचे काय नाते? मला तर ते नाते फार जवळचे वाटते. निंदणाला आणि सोयाबीनच्या सोंगणीला जाऊन धाकट्या भावाच्या फीचे पैसे जमवणाऱ्या मुली आपल्या प्रत्येक गावात आहेत. बारावीनंतर पुण्याकडे कंपनीत कामाला गेलेल्या आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवणाऱ्या मुली आहेत. "पोरगी मोठी गुणाची" असे त्यांचे कौतुक होते. पण त्या गुणी मुलीला स्वतःला काय हवे आहे, हे कोणी विचारत नाही. तिच्या लग्नाचा विषयही घराच्या सोयीने निघतो आणि घराच्या सोयीनेच लांबतो. ओढ्यावर धुणे धुताना बायका यावर बोलतात. आपल्या वर्गात मात्र त्यावर चकार शब्द निघत नाही. 'रीटा' हा विषय काढते, म्हणून ती आपली आहे.

'रीटा'नंतर त्यांनी दिग्दर्शित केलेला दुसरा मोठा चित्रपट 'त्रिभंग' नेटफ्लिक्सवर आला तो जानेवारी २०२१ मध्ये. मध्ये अकराहून अधिक वर्षे गेली. लोकप्रिय चेहऱ्यालाही दिग्दर्शनाची वाट किती लांब पडते, हे यावरून कळावे. या वेळी काजोलसारखी मोठी तारका होती, निर्मितीमागे अजय देवगणचे नाव होते. तेव्हा हा चित्रपट पूर्वीच्या अर्थाने लहान नव्हता. परंतु कथा त्यांची स्वतःची होती. लेखनासाठी सासर सोडणारी नयन, आईवर रागावलेली तिची नर्तकी मुलगी अनू आणि सुरक्षित संसार शोधणारी नात माशा, अशा तीन पिढ्यांची ही गोष्ट. ओडिसी नृत्यातल्या तीन ठिकाणी वाकलेल्या मुद्रेवरून तिला नाव दिले आहे. आईचे स्वातंत्र्य मुलीला किती महाग पडू शकते, हा अवघड प्रश्न त्यात विचारला आहे. स्त्रीच्या बाजूने बोलताना स्त्रीच्या चुका झाकायच्या नाहीत, हे धैर्य मला विशेष वाटते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. शांता गोखले यांच्यासारखी लेखिका ज्यांची आई, मुंबईसारखे ज्यांचे शहर, त्यांना हे जमले तर नवल काय? मृणाल कुलकर्णी यांचेही उदाहरण देता येईल. 'स्वामी' मालिकेतल्या रमाबाई म्हणून त्या घराघरांत पोचल्या आणि २०१४ साली 'रमा माधव' त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. पण त्यांची आई वीणा देव आणि आजोबा गो. नी. दांडेकर! दोघींच्या घरात पुस्तके होती. आमच्या घरात सातबारा, पीकविम्याच्या पावत्या आणि एखादी पोथी.

आक्षेप मान्य करूनही मी म्हणेन, की त्यातून निघणारा निष्कर्ष निराशेचा नाही. दोघींना वारशात मिळाली ती वाचनाची सवय आणि लिहिणाऱ्या माणसांचा सहवास. ओळखीचा चेहरा दूरदर्शनने दिला, परंतु दिग्दर्शिका घडवली ती या वारशाने. जे घरात मिळत नाही, ते देण्यासाठीच तर महाविद्यालय असते. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे असेच मराठी साहित्य शिकले, कविता लिहू लागले आणि 'पिस्तुल्या', 'फॅन्ड्री'पर्यंत पोचले. त्यांच्या घरी काही कादंबरीकारांची बैठक भरत नव्हती. ज्याला असे घर नाही, त्याचे घर ग्रंथालयाने व्हावे लागते.

म्हणून गुरुजनांना आणि विद्यार्थिमित्रांना माझी एक विनंती आहे. स्नेहसंमेलनात आपण मालिकांतल्या प्रवेशांच्या नकला करतो, टाळ्या घेतो. त्यात गैर काही नाही. पण वर्षातून चार वेळा तरी मराठी विभागाने एक कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट एकत्र घ्यावा. आधी पुस्तक वाचावे, मग चित्रपट पाहावा, आणि त्यानंतर तासभर मोकळी चर्चा व्हावी. सुरुवात 'रीटा वेलिणकर'ने करावी. लागणार काय? ग्रंथालयात पुस्तकाच्या चार-पाच प्रती, एक प्रोजेक्टर आणि शनिवारची एक दुपार. त्या चर्चेत मुलींनी बोलावे आणि मुलांनी ऐकावे, अशी माझी इच्छा आहे.

आपल्यातून कोणी दिग्दर्शक होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. मात्र निंदणाला जाणाऱ्या आपल्याच एखाद्या बहिणीला "तुला काय हवे?" असे विचारणारा एक जरी भाऊ त्या दुपारी तयार झाला, तरी ती दुपार सार्थकी लागली असे मी मानीन.

– बी. ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी, इंझोरी